निरोपानंतरची पाहुणी

विमानतळावरून पाहुणी परत आली तेव्हा दार उघडणाऱ्या यजमानीणबाईंच्या हातातली बशी खाली पडली. बशी फुटली नाही, पण बाईंचा चेहरा फुटल्यासारखा झाला. मागून त्यांचे यजमान आले. त्यांनी बॅग पाहिली, बॅगेमागची पाहुणी पाहिली आणि "अरे वा" म्हणाले. स्मशानात कुणी ओळखीचं भेटल्यावर म्हणतात, तसं. आतल्या खोलीतून म्हाताऱ्या सासऱ्यांनी विचारलं, कोण आलंय. मग ते काठी टेकत स्वतः बाहेर आले आणि तिला बघून भिंतीला टेकले.

सकाळी याच दारात केवढा प्रेमाचा निरोप झाला होता. दुपारी बर्फाचं वादळ आलं, विमानं जमिनीला चिकटली आणि विमान कंपनीनं सगळ्यांना सांगितलं, जिथून आलात तिथे जा.

पाहुणी दातांच्या कवळ्या बनवायची. या परमुलखातल्या एका कारखान्यात नवं यंत्र शिकायला तिला दोन महिन्यांसाठी धाडलं होतं आणि राहायची सोय या कुटुंबात केली होती. घरी दीड वर्षाची लेक होती, ती नणंदेच्या कडेवर देऊन ती आली होती. सुरुवातीला लेक फोनवर आईला बघून रडायची. मग हसायला लागली. मग आईपेक्षा फोनच्या कव्हरमध्ये तिला जास्त रस वाटू लागला. आणि परवा अंगणात पडली, तेव्हा "आई" म्हणून भोकाड पसरत धावली ती थेट नणंदेकडे. नणंदेनं हे कौतुकानं सांगितलं. पाहुणीनंही कौतुकानं ऐकलं, फोन ठेवला आणि न्हाणीघरात नळ सोडून बसून राहिली. तिला घरी जायचं होतं. लेक पुरती विसरायच्या आत जायचं होतं.

पण सकाळच्या निरोपात एक घोटाळा झाला होता. जाणाऱ्या माणसाला सांगितलं म्हणजे विहिरीत टाकलं, असा समज सगळ्या जगात असावा. त्यातून पाहुणीला तिथली भाषा कामापुरतीच येत होती; त्यातले निम्मे शब्द दातांचे. त्यामुळे तिघांनीही तिला एकेकटं गाठलं.

यजमानांनी जिन्यात बॅग उतरवता उतरवता सांगितलं, की त्यांची नोकरी थंडी पडायच्या आधीच गेली आहे. रोज डबा घेऊन निघतात आणि बसस्थानकाच्या बाकावर बसून तो खातात. बायकोला कळलं तर ती सोडून जाईल. बाईंनी स्वयंपाकघरात तिच्या प्रवासाचं खाणं बांधताना सांगितलं, की त्यांनी गावाच्या दुसऱ्या टोकाला एक खोली बघून ठेवली आहे. बर्फ वितळलं की चालल्या. नवरा कमावता आहे, सासरे ठणठणीत आहेत, दोघांचं काही अडणार नाही. आणि ठणठणीत सासऱ्यांनी तिचा हात धरून सांगितलं, की डॉक्टरांच्या मते पुढचा उन्हाळा काही आपल्याला दिसायचा नाही. मुलाला बोललो नाही, त्याला कामातून रजा मिळत नाही; सून आहे, ती करील सगळं.

शेवटी प्रत्येकानं एकच वाक्य जोडलं होतं, "तू काय, चाललीसच."

आणि आता ती चालली नव्हती. बाहेरच्या खोलीत उभी राहून बुटांवरचं बर्फ झटकत होती.

त्या रात्री जेवताना ती नुसती "आजोबा" म्हणाली तरी म्हाताऱ्यांना ठसका लागायचा. तिनं मीठ मागितलं तर तिन्ही बाजूंनी मीठ आलं, म्हणजे पुढचं वाक्य निघायला नको. जेवणानंतर ती भांडी पुसायला उठली, तर यजमानही फडकं घेऊन आले. लग्नानंतर प्रथमच आले, म्हणून बाईंना शंका आली आणि त्याही तिथेच थांबल्या. दोघं तिथे काय करताहेत ते बघायला म्हातारे आले आणि स्वयंपाकघरात ऊब असते म्हणून स्टूल टाकून बसले. जिथे दोघी उभ्या राहिल्या तरी कोपरं आपटायची, त्या खोलीत चौघं जण एक कढई पुसत होते. मध्येच कुणी तिला कोपऱ्यात गाठून कुजबुजायचं, बोलली नाहीस ना? ती मान हलवायची. बाकीच्या दोघांना ती मान दिसायची आणि त्यांचा जीव खालीवर व्हायचा.

वादळ काही हटेना. पाहुणा तिसऱ्या दिवशी राहिला तर त्याची अक्कल जाते म्हणतात; इथे यजमानांची गेली. बाई तिच्या वतीनं विमान कंपनीशी फोनवर भांडू लागल्या. यजमान नकाशा पसरून आगगाडी, बोट, काही जमतंय का ते बघू लागले. म्हातारे खिडकीशी बसून आभाळाला नावं ठेवू लागले. आपल्याला घालवण्याची एवढी तळमळ पाहुणीनं सासरीसुद्धा पाहिली नव्हती.

शेवटी एका दुपारी विमानतळ अर्धामुर्धा उघडल्याची बातमी आली. यजमान म्हणाले, मी गाडीनं सोडतो. बाई म्हणाल्या, मीही येते. म्हातारे काहीच म्हणाले नाहीत, कारण ते टोपी घालून आधीच गाडीत बसले होते.

गल्लीच्या कोपऱ्यावर गाडी बर्फात रुतली. बाईंनी स्टिअरिंग हातात घेतलं, यजमान आणि पाहुणी ढकलायला उतरले. गाडी हलेना. तेव्हा म्हातारेही उतरले आणि त्यांनी डिकीला खांदा लावला. पाहुणीच्या तोंडून निघून गेलं, "आजोबा, तुम्ही नका ढकलू, डॉक्टरांनी..."

मग तिनं दोन्ही हातांनी तोंड धरलं. सैल कवळीवाली माणसं शिंकताना धरतात, तसं.

"कुठल्या डॉक्टरांनी?" यजमानांनी विचारलं.

"गुडघ्याच्या," म्हातारे म्हणाले.

बाईंनी गाडीच्या खिडकीतून मान बाहेर काढली. "गुडघ्याचे डॉक्टर गेल्याच वर्षी वारले, बाबा."

मग म्हाताऱ्यांनी सांगून टाकलं, हवामानाचा अंदाज सांगावा तसं. यजमानांनी वडिलांच्या खांद्यावरचं बर्फ झटकलं आणि म्हणाले, "उद्यापासून मी घरीच थांबतो."

"तुला कोण देतंय रजा?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

पाहुणी हसली नाही. तिनं फक्त बर्फाकडे बघितलं, जरा जास्तच लक्ष देऊन. यजमानांना तेवढं पुरलं.

"म्हणजे मी बसस्थानकावर बसतो ते तू यांनाही सांगितलंस?"

"कोण बसतं बसस्थानकावर?" बाईंनी विचारलं. सगळं ऐकून घेताना त्यांचा पाय गाडीच्या ॲक्सिलरेटरवरच राहिला होता, त्यामुळे यजमानांना आपली बेकारी चाकाच्या घरघरीवर ओरडून सांगावी लागली. सगळ्या गल्लीनं ती ऐकली. मग बाईंनी इंजिन बंद केलं.

"म्हणजे आता मी जायचं कसं?" त्या म्हणाल्या.

त्या विमानतळाबद्दल बोलत नव्हत्या, हे दोघा पुरुषांच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. आल्यावर तिघंही पाहुणीकडे वळले.

"तुला सगळं माहीत होतं," बाई म्हणाल्या. "आणि तू आमच्या टेबलाशी बसून जेवत होतीस."

बॅग घेऊन चौघं चालत घरी आले. त्या संध्याकाळपासून त्या घरात कुणी कुणाशी बोलेना. जे काही बोलायचं, ते पाहुणीमार्फत. म्हातारे समोर बसलेल्या सुनेकडे न बघता म्हणायचे, "पोरी, तुझ्या ताईला सांग, माझ्यासाठी थांबू नकोस म्हणावं." सून तव्यावरून मान वर न करता म्हणायची, "आजोबांना सांग, मी गाडी अडकली म्हणून थांबलेय." यजमान दोघांनाही सांगायला सांगायचे, की मी मेलोय असं समजा. हा निरोप म्हाताऱ्यांना पोचवताना पाहुणीला फार जड गेलं. तिची भाषा मात्र त्या एका रात्रीत दोन महिन्यांपेक्षा जास्त सुधारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ निवळलं. रस्ता साफ झाला, बस सुरू झाली, विमानाची वेळही ठरली. पाहुणीनं आनंदानं सांगितलं. कुणाला आनंद झाला नाही. बाई म्हणाल्या, तुझे मोजे अजून ओले आहेत. यजमान म्हणाले, पहिल्या विमानानं जाऊ नये, आधी दुसऱ्यांना जाऊ द्यावं. आणि म्हातारे तिचा पासपोर्ट मांडीखाली घेऊन बसले होते.

"तू गेलीस तर आम्ही बोलायचं कसं?" त्यांनी विचारलं. त्यात चेष्टा नव्हती.

पाहुणी स्वयंपाकघरात गेली. पाणी पिऊन परत आली आणि म्हणाली, जाते मी नंतर; आधी मला ते बटाट्याचं सूप कसं करतात ते सांगा, घरी करीन. यजमान म्हणाले, आधी मीठ घालायचं. म्हातारे त्यांच्याकडे वळून म्हणाले, तुझ्या आईनं जन्मात कधी आधी मीठ घातलं नाही. बाई म्हणाल्या, मग इतकी वर्षं मी घालत आले ते गिळलंत कसं तुम्ही? म्हातारे उसळून उभे राहिले. मांडीखालचा पासपोर्ट मोकळा झाला.

लेकीला सोडून निघताना तिनं असंच केलं होतं. वाटी-चमचा हातात दिला, ती वाजवण्यात रंगली, आणि आई मागच्या दारानं निघाली. चमच्याचा आवाज फाटकापर्यंत ऐकू येत होता. एकदाही थांबला नव्हता.

आत्ताही आवाज थांबला नाही. पासपोर्ट आणि बॅग उचलून ती मागच्या दारानं बर्फात उतरली. खिडकीतून तिघं दिसत होते. एकमेकांच्या तोंडावर बोट नाचवत, बटाटे उगारत. कुणीही मान वर केली नाही. चांगलंच झालं की, असं स्वतःला बजावत ती बसथांब्यापर्यंत गेली आणि तिथे तिला रडू कोसळलं.

बस सुटली आणि फोन वाजला.

"कुठे आहेस तू?" बाई ओरडत होत्या. "मागचं दार सताड उघडं टाकून गेलीस! घराचं बर्फ झालंय, बाबांना हुडहुडी भरलीय!"

"म्हाताऱ्या माणसाचा जीव घेशील, पोरी," मागून म्हातारे.

"आणि निरोपसुद्धा न घेता जातं का कुणी?" यजमान.

तिघं एकदम बोलत होते, एकमेकांना दुजोरा देत होते आणि मिळून तिच्यावर संतापले होते. तिनं सगळ्या शिव्या शेवटपर्यंत ऐकल्या. फोन ठेवल्यावर तिनं डोळे पुसले. आता घरी पोचल्यावर लेकीनंही अशीच चिडून थोबाडीत द्यावी, एवढंच तिला हवं होतं. कडेवर घेतलं आणि ती शहाण्यासारखी गप्प राहिली, तर काय करायचं ते मात्र तिला ठाऊक नव्हतं.