बाण दाखवतील तिकडे

उद्या सहाशे नवी मुलं विद्यापीठात पाऊल ठेवणार होती, आणि गेल्या वर्षीच्या चाळीस मुलांचं काय झालं होतं ते उपकुलसचिवांच्या डोक्यातून जाता जात नव्हतं. परिचय दिनाला सभागृहाकडे निघालेली ती चाळीस मुलं बाण बघत बघत वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात पोचली होती. आचाऱ्याला वाटलं, मदतीला माणसं पाठवली आहेत. चूक लक्षात येईपर्यंत पोरांनी दोन पोती बटाटे सोलून ठेवले होते. एका बापाने नंतर पत्र लिहून विचारलं होतं की हा अभ्यासक्रमाचा भाग आहे का.

"यंदा तसं नको," उपकुलसचिव म्हणाले. "बाण लावून झालेत. आता कुणीतरी नवख्या मुलासारखं फाटकापासून चालत जायचं, फक्त बाण बघायचे, कुणाला काही विचारायचं नाही. बघू या सभागृहात पोचतोय का. कोण जातं?"

जायची तयारी सगळ्यांची होती, पण नवखं कुणीच नव्हतं. शिपाईमामांना तर झाडं कुठल्या वर्षी लावली तेही पाठ होतं. तेवढ्यात त्यांनीच कोपऱ्यातल्या टेबलाकडे बोट केलं.

"आवकबाई जाऊ देत. त्यांनी काहीच पाहिलेलं नाही."

आवकबाई म्हणजे आवक-जावक विभागातल्या बाई. येणाऱ्या प्रत्येक पत्रावर शिक्का मारून नंबर टाकायचा, जाणाऱ्या प्रत्येक पत्राची नोंद करायची, हे काम त्या चोवीस वर्षं करत होत्या. फाटक, टेबल, उपाहारगृह आणि परत फाटक, एवढंच त्यांचं विद्यापीठ. बाकीचे विभाग त्यांना लिफाफ्यांवरून माहीत होते. संख्याशास्त्रवाले सात लिफाफे पाठवायचे आणि सोबतच्या चिठ्ठीवर आठ लिहायचे. तत्त्वज्ञानवाले पाकिटात पत्र घालायलाच विसरायचे. आणि भूगर्भशास्त्राचा लिफाफा उघडला की टेबलावर वाळू सांडायची. चोवीस वर्षं त्या ती वाळू ब्रशने झाडत होत्या आणि चोवीस वर्षं त्यांच्या मनात एकच प्रश्न होता: ही येते कुठून? पण आवकबाईंनी टेबल सोडलं तर आवक थांबते, म्हणून त्या कधी बघायला गेल्या नव्हत्या.

"जाते मी," त्या इतक्या पटकन म्हणाल्या की उपकुलसचिवांनी चष्मा वर करून पाहिलं.

"फोन इथे ठेवा. नाहीतर वाट विचाराल. आणि आपण कर्मचारी आहोत हे कुणाला सांगायचं नाही. सगळं खऱ्यासारखं झालं पाहिजे."

सगळं खऱ्यासारखं व्हायचं तर हातात प्रवेशाचा फॉर्म हवा. प्रवेश विभागातल्या मुलीने संगणकावर खोटं नाव टाकून पाहिलं, पण संगणक ऐकेना. शेवटी तिने बाईंचं खरं नाव टाकलं, खरी जन्मतारीख टाकली, आणि विचारलं, "विषय काय टाकू?"

"काहीही टाक."

"काहीही असा विषय नाही हो बाई."

आवकबाईंनी एक क्षण विचार केला. "भूगर्भशास्त्र टाक," त्या म्हणाल्या.

त्यांनी आवकचा शिक्का टेबलावरून उचलून पर्समध्ये टाकला. शिक्का त्या कधीच कुणाच्या भरवशावर ठेवत नसत. मग फाटकापाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि पहिला बाण दिसला तशा चालू लागल्या.

पहिला बाण दवाखान्याकडे होता, कारण सभागृहाआधी प्रत्येक नव्या मुलाची तपासणी व्हायची. विद्यापीठाच्या डॉक्टरीणबाईही उद्याची रंगीत तालीम करतच बसल्या होत्या. समोर गिऱ्हाईक दिसल्यावर त्यांचा चेहरा खुलला.

"या, या. उद्या सहाशे मुलं म्हणजे बाराशे डोळे तपासायचेत. एका डोळ्याला किती वेळ लागतो ते बघायचं होतं मला. वय?"

"एक्कावन्न."

डॉक्टरीणबाईंनी फॉर्म पाहिला, बाईंना पाहिलं, परत फॉर्म पाहिला. "छान," त्या म्हणाल्या. "शिकायला वय नसतं. वर बघा."

वर बघताच दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब पडला. तपासणी झाली, फॉर्मवर सही झाली आणि मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता दोन तास थोडं अंधुक दिसेल. बाकी काही नाही."

थोडं म्हणजे किती, ते आवकबाईंना बाहेर आल्यावर कळलं. उन्हात सगळं जग दुधात बुडवल्यासारखं झालं होतं. झाडं म्हणजे हिरवे ढग, इमारती म्हणजे पिवळे ढग. नियम मोडून कुणाला तरी वाट विचारावी असं त्यांना वाटलं. त्यांनी एका उंच मुलाला हळूच विचारलंही, पण तो नळाचा खांब निघाला. कर्मचाऱ्यांपैकी कुणी पाहिलं नाही ना म्हणून त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि मग लक्षात आलं की बघून काही उपयोग नाही.

एक गोष्ट मात्र बरी होती. बाण मोठे होते, भडक लाल होते, आणि अंधुक का होईना, कुठे वळलेत ते कळत होतं. बाण डावीकडे वळला की बाई डावीकडे वळत होत्या. एका पायरीवर ठेचकाळल्या, एका दारात चुकून नमस्कार केला, दोन जिने उतरल्या. आत गारवा लागला. पायाखाली काहीतरी कुरकुरलं.

"या," एक म्हातारा आवाज आला. "बसा. आज कुणी येईल असं वाटलं नव्हतं."

"सभागृह हेच का?" बाईंनी विचारलं.

"हे भूगर्भशास्त्र. मी इथला विभागप्रमुख. मुलं मला दगडसर म्हणतात. म्हणजे म्हणायची, मुलं होती तेव्हा." त्यांनी बाईंच्या हातातला फॉर्म घेतला आणि त्यांचा आवाज एकदम बदलला. "तुम्ही आमच्याकडेच प्रवेश घेताय?"

कर्मचारी आहोत हे सांगायचं नाही, असा हुकूम होता. आवकबाईंनी चोवीस वर्षांत वरिष्ठांचा हुकूम मोडला नव्हता. "फॉर्ममध्ये तसं लिहिलंय खरं," त्या म्हणाल्या.

दगडसरांनी घाईघाईने टेबलावर चार वाट्या मांडल्या. "छोटीशी चाचणी घेतो. घाबरू नका. या चार वाळूंमध्ये काही फरक वाटतो का, एवढंच सांगा."

"मला दिसत नाहीये, सर. डोळ्यात औषध घातलंय."

"वाळू डोळ्यांनी बघायची नसतेच. बोटं घाला."

बाईंनी पहिल्या वाटीत बोटं घातली, आणि त्या थबकल्या. चिमूट घेऊन त्यांनी ती अंगठ्याने चोळली. "ही मंगळवारची," त्या म्हणाल्या.

"काय म्हणालात?"

"पिठासारखी. झाडली तरी टेबलाच्या फटीत राहते. आणि ही..." त्यांनी दुसरी वाटी चाचपली. "ही शुक्रवारची. भरड. नखात जाते. तिसरी माझ्या ओळखीची नाही. चौथीत थोडी मंगळवारची मिसळलीय."

दगडसरांनी खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "मंगळवारी मी नदीच्या पात्रात असतो," ते सावकाश म्हणाले. "आणि शुक्रवारी खाणीत. चौथ्या वाटीत मीच मिसळ केलीय, ती ओळखायला माझ्या चांगल्या विद्यार्थ्यांनासुद्धा वर्ष लागायचं. तुम्हाला वार कसे कळले?"

"तुम्ही कार्यालयाला पत्रं तिथेच बसून लिहिता का?"

"हो. दगडावर बसून. आणि तिथेच चिकटवतो. का?"

"काही नाही," आवकबाई म्हणाल्या, आणि त्यांना इतकं बरं वाटलं, जणू चोवीस वर्षं कानात गेलेलं पाणी आत्ता बाहेर आलं. एका प्रश्नाचं उत्तर मिळालं की दुसरे पाच उभे राहतात, तसं त्यांचं झालं. पीठ का, भरड का, नदी दगडाचं पीठ किती वर्षांत करते? सर सांगत गेले, त्या विचारत गेल्या. सरांनी कधी फॉर्मवर सही केली, ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

तिकडे कार्यालयात मात्र आवक थांबली होती. सहाशे ओळखपत्रांचं खोकं घेऊन कुरिअरवाला आला होता आणि आवकच्या शिक्क्याशिवाय खोकं सोडायला तयार नव्हता. शिक्का बाईंकडे, आणि बाई बाणांच्या मागे. शेवटी वैतागून तो खोकं खांद्यावर टाकून स्वतःच बाण बघत निघाला. दगडसरांच्या दारात तो धापा टाकत उभा राहिला तेव्हा सरांना भरून आलं.

"तुम्हीही नवीन?"

"मी कुरिअरवाला."

"हरकत नाही. यात बोटं घाला."

कुरिअरवाला परत येईना म्हणून शिपाईमामांना पाठवलं. ज्या माणसाला झाडांची जन्मसालं पाठ होती तो सवयीने नाही, तर हुकुमाप्रमाणे बाण बघत गेला, आणि दहा मिनिटांनी त्याच दारात उभा राहिला. शिपाईमामांना चहा मिळाला, म्हणून तेही बसले. साडेचार वाजले तशी उपकुलसचिवांना शंका आली की गेल्या वर्षीपेक्षा यंदा काहीतरी जास्तच बिघडलंय. ते स्वतः निघाले. ते आत आले तेव्हा टेबलाभोवती तीन माणसं वाट्यांत बोटं घालून डोळे मिटून बसली होती.

"हे काय चाललंय?" त्यांनी विचारलं. "सभागृह तर दुसऱ्या टोकाला आहे. बाण इकडे कसे काय?"

दगडसर उठून उभे राहिले. "मी वळवले," ते म्हणाले. "सकाळी फिरायला गेलो तेव्हा. सगळे नाही, तीनच. चौथा वाऱ्याने वळला असेल."

"सर, तुम्ही?"

"आज पाच वाजेपर्यंत पाच प्रवेश झाले नाहीत तर विभाग बंद. तुमचंच पत्र आहे. चार मुलं आली आहेत. मला वाटलं, उद्या सहाशे मुलं इथून नुसती गेली तरी एखादा विचारेल की हे काय आहे. मग लक्षात आलं की मुदत आजच संपतेय, उद्यासाठी बाण वळवून उपयोग काय. तेवढ्यात या आल्या."

आवकबाईंनी मान खाली घातली. ते पत्र त्यांच्याच हातून गेलं होतं. जावक नोंदवहीत त्यांनी 'विषय: विभाग बंद करणेबाबत' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं आणि पुढचा लिफाफा ओढला होता.

"अहो, पण या आमच्या आवकबाई," उपकुलसचिव म्हणाले. "मी यांना नमुना म्हणून पाठवलं होतं."

दगडसर मटकन बसले. वाटीतली वाळू त्यांनी उगाच सारखी केली.

"साहेब," आवकबाई म्हणाल्या, "फॉर्ममध्ये नमुना असा रकाना नाही."

"म्हणजे?"

"नाव माझं खरं आहे. तपासणी झालीय. सरांची सही आहे. आणि कर्मचाऱ्याला कुठल्याही विभागात शिकता येईल असं परिपत्रक अकरा वर्षांपूर्वी आलंय. आवक मीच केलं होतं. कुणी कधी वापरलं नाही, एवढंच."

"बाई, तुमच्या टेबलाचं काय?"

"तास सकाळी आठला असतात. टेबल साडेदहाला."

उपकुलसचिवांनी घड्याळ पाहिलं. पाचला सात मिनिटं होती. मग त्यांनी मनातल्या मनात काहीतरी मोजलं. विभाग बंद करायचा म्हणजे तीन समित्या, प्रत्येकीच्या सहा बैठका, आणि तिन्ही समित्यांचे सचिव ते स्वतःच. "मारा शिक्का," ते म्हणाले.

पर्समधून शिक्का निघाला. पहिला कुरिअरच्या पावतीवर पडला, कारण तो आधी आला होता. दुसरा फॉर्मवर. बाईंना अजून नीट दिसत नव्हतं, पण शिक्का चौकोनात अगदी सरळ बसला.

सगळे कार्यालयात परतल्यावर प्रवेश विभागातल्या मुलीने फॉर्म घेतला, वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाली, "बाई, पालक राहिले. उद्या परिचय दिनाला पालकांनी स्वतः हजर राहून सही करायची, नाहीतर प्रवेश पक्का होत नाही."

"अगं, मी एक्कावन्न वर्षांची आहे."

"मला पटतं हो. संगणकाला पटत नाही. घरातलं वडीलधारं माणूस चालेल."

बाईंचा नवरा बदलीच्या गावी होता, महिन्याने यायचा. घरात वडीलधारं माणूस एकच होतं, आणि सत्तावीस वर्षं बाईंनी त्या माणसाकडे काही मागायचं टाळलं होतं. संध्याकाळी त्यांनी सासूबाईंसमोर फॉर्म ठेवला. सासूबाईंनी तो दूर धरून वाचला, जवळ धरून वाचला.

"दगडांचा अभ्यास?" त्यांनी विचारलं.

"हो."

"त्याने काय होतं?"

"तेच बघायचंय," बाई म्हणाल्या.

फॉर्मची घडी करून सासूबाईंनी उशीखाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी सगळे बाण सरळ होते आणि सहाशे मुलं एकही बटाटा न सोलता सभागृहात पोचली. पालकांच्या पहिल्या रांगेत, इस्त्रीची साडी नेसून, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई ताठ बसल्या होत्या. मंचावरून एकेका विभागाला बोलावलं जात होतं. भूगर्भशास्त्राची पाळी आली तेव्हा चार मुलं उठली, आणि त्यांच्यामागे आवकबाई.

दगडसरांनी पालकांना रिवाजाप्रमाणे विचारलं, "आपल्या पाल्याविषयी काही सांगायचं आहे का?" बाकीच्या चार पालकांनी माना हलवल्या. सासूबाई उभ्या राहिल्या.

"हुशार आहे," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासूनच. मीच कधी बोलले नाही. बोललं की डोक्यावर बसतात. पण प्रश्न फार विचारते, तेवढं सांभाळून घ्या."

सभागृहात हशा पिकला. आवकबाईंना हसू येईना. सत्तावीस वर्षं या बाईंनी त्यांचा स्वयंपाक 'बरा' म्हटला होता, मुलांना लावलेलं वळण 'चालेल' म्हटलं होतं. आता सहाशे माणसांसमोर ही कसली भलतीच साक्ष झाली, आणि समोरचं सगळं पुन्हा अंधुक झालं; डोळ्यांत औषध तर काल घातलं होतं.

सासूबाईंनी मंचावर येऊन संथपणे सही केली, टोपण लावून पेन परत दिलं आणि जाता जाता बाईंच्या कानाशी थांबल्या.

"आता नीट ऐक. रोज सातच्या आत घरात. आणि वह्या आठवड्याला मला दाखवायच्या."

"हो आई," आवकबाई म्हणाल्या, आणि इतर चौघांबरोबर रांगेत उभ्या राहिल्या.