घड्याळजींचं सामान

घड्याळजींनी शनिवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर हत्यारं मांडायला घेतली, तेव्हा त्यांच्या बायकोने आपलं ताट उचललं आणि ओट्यापाशी उभ्यानेच जेवून घेतलं. बोलण्यात अर्थ नव्हता. माणूस दिवसभर दुकानात बसून मनगटी घड्याळांची पोटं उघडणारा. ज्या स्क्रूचा जो स्क्रू ड्रायव्हर, त्याला तोच लावायचा, ही त्यांची शिस्त. त्यात उद्याचा रविवार म्हणजे तर अब्रूचा प्रश्न होता.

त्याचं असं झालं. पन्नाशीला दोन वर्षं उरलेली असताना घड्याळजींनी एक मोटारसायकल घेतली. साधी नव्हे, दगडधोंड्यांतून चढवायची उंच, हडकुळी गाडी. दर रविवारी टेकडीवर पायवाटेने चढायचं आणि पलीकडून डांबरी रस्त्यावर उतरायचं, एवढाच छंद. पण लागोपाठ तीन रविवार त्यांनी टेकडीवरून बायकोला फोन केला. पहिल्यांदा चेन तुटली, मग पंक्चर झालं आणि तिसऱ्यांदा तर पेट्रोलच संपलं. बायकोचा स्वतःचा टेम्पो होता. लॉन्ड्रीत धुतलेल्या चादरी लॉजवर पोचवायचा तिचा धंदा. तिन्ही वेळा ती टेम्पो घेऊन गेली, मोटारसायकल सोमवारसाठी भरून ठेवलेल्या गठ्ठ्यांवर आडवी घालून आणली आणि तिसऱ्या खेपेला चाळीस चादरींना ग्रीस लागलं. त्या पुन्हा धुवून आल्यावर तिने आवाज न चढवता सांगितलं,

"आता चौथ्यांदा फोन आला, की गाडी माझ्या भावाची."

भाऊ तर देव पाण्यात घालूनच बसला होता. रोज संध्याकाळी यायचा, गाडीच्या सीटवरून हात फिरवायचा आणि "भाऊजी, जपून बरं का," असं इतक्या मायेने म्हणायचा की घड्याळजी गाडीची किल्ली खिशात आणखी खोल सारायचे.

म्हणून ही तयारी. जे हत्यार आपल्याजवळ नसतं तेच नेमकं लागतं, हा घड्याळजींचा अनुभव. मग नसलेलं हत्यारच ठेवायचं नाही. बारा पाने, स्क्रू ड्रायव्हर, दोन पकडी, हातोडी, करवतीचं पातं, चेनच्या कड्या, क्लचची केबल, हवेचा पंप, दोन ट्यूब, तारेचं वेटोळं, पाच लिटरचा पेट्रोलचा डबा. एवढं झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की या गाडीला मधला स्टँडच नाही. पंक्चर झालं तर चाक उचलणार कशावर? रविवारी सकाळी बायको आंघोळीला गेल्याची खात्री करून त्यांनी टेम्पोच्या सीटखालून जॅक काढला आणि सोबत चाकाचे नट खोलायचा लांब पानाही घेतला. आपण फोन केला नाही तर रविवारी टेम्पो जागचा हलत नाही आणि दुपारच्या आत सगळं जागच्या जागी परत येणार, तेव्हा विचारायचं तरी कशाला?

सगळं सामान दोन पिशव्यांत भरून त्यांनी मागच्या कॅरिअरवर एकावर एक रचलं. गाडीला टांग मारायची म्हणजे आता अंगणातल्या कठड्यावर चढावं लागत होतं. ते चढले, निघाले आणि सपाट रस्ता होता तोवर शीळसुद्धा घातली.

पहिल्या चढालाच गाडीचं पुढचं चाक वर उठलं. घड्याळजींना आकाश दिसलं, झाडांचे शेंडे दिसले आणि मग काही वेळ काहीच दिसलं नाही. उठून, कपडे झटकून त्यांनी विचार केला. वजन मागे झालंय, पुढे घेऊ. जॅकची पिशवी पेट्रोलच्या टाकीवर बांधली. पुढचं चाक जमिनीला टेकलं खरं, पण हँडल डावीकडे वळेना. वाट मात्र डावीकडेच वळत होती. घड्याळजी सरळ काटेरी झुडपात गेले.

मग त्यांनी ती पिशवी पाठीला लावली. यात हँडल वळत होतं आणि चाकही उठत नव्हतं. फक्त मधल्या घळीत गाडी थांबली, त्यांनी पाय टेकला आणि पाठीवरच्या जॅकने त्यांना अलगद मागे ओढून उताणं पाडलं. पट्टे छातीवर आवळलेले, हात-पाय वर. कुशीवर वळायलाच त्यांना दहा मिनिटं लागली. तेवढ्यात कॅरिअरचे दोन बोल्टही थरथरून गळून पडले होते. घड्याळजींजवळ त्या बोल्टचे पाने होते, एक सोडून दोन होते. बोल्ट नव्हते.

खिशातला फोन तेव्हा त्यांना भारी जड वाटला. एक बटण दाबलं की सुटका, पण मेहुण्याचा तो मायाळू हात डोळ्यांसमोर आला आणि त्यांनी खिशाची चेन लावून टाकली. सामान कमी करायचं ठरलं. आधी जॅक आणि लांब पाना एका करवंदीच्या जाळीत गेले. पुढच्या वळणावर पेट्रोलचा डबा आणि हातोडी गेली, मग पंप, ट्यूब, पकडी. प्रत्येक वस्तू ठेवताना ते तिची क्षमा मागत होते आणि संध्याकाळी येऊन नेतो असं सांगत होते. शेवटी एक स्क्रू ड्रायव्हर उरला. तो त्यांनी मोज्यात खोचला.

आणि काय सांगावं, गाडी हरणासारखी पळाली. माथ्यापर्यंत एकदाही कुरकुरली नाही. माथ्यावर उभं राहून घड्याळजींनी घड्याळ पाहिलं, दीड वाजला होता. फोन करायची वेळ आली नव्हती. गाडी आपली. ते पलीकडच्या उताराने गाणं म्हणत डांबरी रस्त्यावर उतरले आणि पहिल्याच वळणावर त्यांना बायकोचा टेम्पो दिसला.

टेम्पो एका अंगाला कलला होता. पुढचं चाक पार बसलं होतं. शेजारी जादा चाक आडवं टाकून त्यावर बायको बसली होती.

"मी फोन केला नव्हता," घड्याळजी गाडीवरूनच म्हणाले. "आधीच सांगून ठेवतो."

"मी कुठे तुम्हाला न्यायला आले? सहज निघाले होते." मग ती दुसरीकडे बघत म्हणाली, "तीन रविवार फोन आला. शिव्या दिल्या, पण माणूस धड आहे एवढं तरी कळत होतं. आज एक वाजून गेला तरी फोन वाजेना. घरात बसवेना मला."

घड्याळजींना भरून आलं. ते काहीतरी बोलणार होते, पण बायकोचा विषय बदलला होता. चाक बदलायला घ्यावं तर सीटखालचा जॅक गायब आणि पानाही गायब. मेल्या चोराने नेमकं तेवढंच नेलं होतं. तिने त्या चोराला लाखोली वाहायला सुरुवात केली. त्याचे हात झडावेत, त्याची गाडी भर उन्हात बंद पडावी, त्याला एक घोट पाणी मिळू नये. घड्याळजी प्रत्येक वाक्याला मान डोलवत राहिले. एकदोनदा त्यांनी स्वतःही भर घातली, कारण गप्प राहिलं तर संशय येईल असं त्यांना वाटलं.

"जाऊ दे," शेवटी बायकोने फोन काढला. "भावाला बोलावते. तो जॅक घेऊन येईल."

भाऊ आला म्हणजे गाडी गेली, हे घड्याळजींनी ओळखलं. कोणी कोणाला फोन केला, हे तो बघणार नव्हता. त्यांनी डोळे मिटले.

"जॅक करवंदीच्या जाळीत आहे," ते म्हणाले. "पानाही."

बायकोने फोन खाली ठेवला. मग तिने फक्त जागा विचारली, आणि त्यांनी एकेका हत्याराचं वळण सांगून टाकलं. घड्याळजींनी परत जायला क्लच दाबून पाहिला, तर बोटांत जीवच उरला नव्हता. तिने त्यांना दंडाला धरून उतरवलं, माल बांधायची दोरी कमरेला गुंडाळली आणि त्यांचं हेल्मेट डोक्यावर चढवलं. टेम्पो घेण्याआधी सहा वर्षं तिने याच लॉन्ड्रीच्या चादरी मोटारसायकलवरून पोचवल्या होत्या. एका किकमध्ये गाडी चालू झाली.

घड्याळजी चाकावर बसून आवाज ऐकत राहिले. आवाज चढाला लागला, माथ्यावर पोचला आणि पलीकडे उतरला. जाळीपाशी पोचली असेल, असं त्यांनी मनाशी म्हटलं. थोड्या वेळाने आवाज पुन्हा वर आला, पण इकडे यायच्या ऐवजी माथ्याच्या कडेकडेने लांब गेला, परत फिरला, पुन्हा गेला. मध्ये एकदा इंजिनाचा सूर असा काही चढला की घड्याळजी उठून उभेच राहिले. तासाभराने बायको उतारावरून आली. नखशिखान्त धुळीने माखलेली. एकूण एक हत्यार गाडीवर होतं, आणि गाडी रेसभरही डुलत नव्हती.

"जड ते खाली, दोन्ही बाजूंना सारखं, इंजिनाच्या जवळ," ती हेल्मेट काढत म्हणाली. "हलकं वर. माल असा भरतात. मला विचारायचं होतं की हो."

तिने चाक बदललं. घड्याळजींनी नट हातात द्यायचं काम केलं. मग तिने भावाला फोन लावला आणि मोटारसायकल मिळणार नाही, आता चकरा मारू नकोस, असं दोन वाक्यांत सांगून टाकलं. घड्याळजींना इतका आनंद झाला की त्यांनी रस्त्यातच तिचा हात धरला.

"म्हणजे पुढच्या रविवारी," ते म्हणाले, "सकाळी लवकरच..."

"सहाला निघणार मी," बायको म्हणाली. टेम्पोची किल्ली तिने त्यांच्या हातात ठेवली आणि पुन्हा मोटारसायकलवर बसली. "तुम्ही फोनजवळ थांबा."