सगळ्यांचा मान आणि माझा मोतिया

"ताई, एक ऐका. रंग ठरल्यापासून तो भिंतीला लागेपर्यंत घरात माणूस येऊ देऊ नका. कुत्रं आलं तं चालंल, पाव्हणा नाय!"

आमचे रंगारी फकिराभाऊ पहिल्याच दिवशी मला हे म्हणाले होते. मी हसले. अहो, मी रसायनशास्त्रातली एम.एस्सी.! रंगाच्या गोष्टी मला शिकवायच्या?

शहराच्या कडेला, सातारा परिसरात आमचं घर उभं राहत होतं. नकाशा मामंजींचा, फरशी चुलतसासूबाईंच्या पसंतीची, दाराची दिशा गुरुजींची, आणि संडास कुठं नको हे अख्ख्या पाचोडनं, म्हणजे माझ्या सासरच्या गावानं, ठरवलेलं! माझ्या वाट्याला एकच गोष्ट उरली होती. हॉलचा रंग. आणि मला हवा होता मोतिया. ताज्या लोण्यासारखा, डोळ्यांना गार. या घरात एक भिंत तरी माझ्या मनाची असावी, एवढंच मागणं होतं माझं.

त्यासाठी मी बेत रचला. विचारायचं सगळ्यांना, लावायचं आपलंच! कुणी रुसायला नको.

लावला फोन पाचोडला.

"मामंजी, हॉलला रंग कोणता द्यावा?"

"पोपटी! बसलं की रानात बसल्यावाणी वाटलं पायजे."

आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, फोन हिसकावला. "रानात बसायला घर कशाला बांधायलेत? झेंडूवाणी पिवळा दे. लक्ष्मीचा रंग हाय."

मागून चुलतसासूबाई द्वारकाबाई ओरडल्या, "राणी रंग म्हणावं! लांबून घर हाय असं तरी कळंल!"

आमच्या ह्यांनी, बद्रीनाथांनी, मोबाइलमधून मान वर न काढता 'निळा' म्हटलं. बस्स, सगळ्यांचा मान राहिला! फकिराभाऊंनी माझ्या सांगण्यावरून हॉलच्या भिंतीवर पाटीएवढे पाच चौकोन रंगवले. पोपटी, झेंडू, राणी, निळा आणि माझा मोतिया.

"जो पसंत, त्याच्यावर काळी खूण करा," ते म्हणाले. "आपला कायदा हाय, ताई. मी फक्त खूण पाहतो, माणूस पाहत नाय."

रविवारी मी खूण करायला गेले, तर पर्समध्ये पेन नाही! दोन वर्षांच्या लेकराच्या आईच्या पर्समध्ये काय असतं? बिस्किटं, फ्रॉक, थर्मामीटर, उलटीचं औषध... आणि काजळाची डबी! घेतलं बोटावर, लावला मोतियाच्या कोपऱ्यात छान गोल ठिपका. झालं काम!

तेवढ्यात खाली जीप थांबली. पाचोडहून अकरा माणसं घर बघायला आली होती! जिन्याला अजून कठडा नव्हता आणि आमची कस्तुरी म्हणजे पायाला चाकं लावलेली. शिवाय ती भिंत चाटते. चुना, गिलावा, काही चालतं तिला! मी अर्ध्या जिन्यात तिला पकडून ठेवलं होतं, इतक्यात हॉलमधून हाक आली.

"सूनबाई, काजळ हाय का गं?"

"पर्समध्ये घ्या आत्याबाई!" मी ओरडले. कस्तुरीला तीट लावायची असेल, दुसरं काय? मला जरा बरंच वाटलं.

सोमवारी कस्तुरीला ताप. नव्याण्णव पॉइंट सहा! हे म्हणाले, "याला ताप म्हणत नाहीत." मी म्हटलं, "तुम्ही डॉक्टर आहात का?" आणि तीन दिवस उस्मानपुऱ्यातल्या भाड्याच्या खोलीतून हलले नाही. त्यातच फकिराभाऊंचा फोन.

"ताई, खूण केलेलं समदं मारायचं ना?"

"समदं! एक कोपरा सोडू नका."

"पक्कं?"

"भाऊ, मी ठरवलं की बदलत नसते!"

"मानलं ताई तुम्हाला. लई जिगर पायजे याला."

मोतियाला कसली आलीये जिगर? पण काखेतला थर्मामीटर वाजला आणि मी फोन ठेवून दिला.

गुरुवारी कस्तुरीला कडेवर घेऊन, नाचतच घरी गेले. शुक्रवारी वास्तुशांत होती. दार ढकललं आणि डोळ्यांना ठेच लागली!

समोरची भिंत पोपटी. डावी राणी. उजवी झेंडू. मागची निळी. जणू रंगपंचमीत सापडलेलं घर पळून जाता जाता दमून इथं बसलं होतं!

"भाऊ! हे काय केलंत?"

"खूण होती ताई. पाचाच्या पाचांवर."

मी बघितलं, तर फकिराभाऊंनी पुराव्याला फोटो काढून ठेवला होता. पाच चौकोन, पाच काजळाचे ठिपके!

"अन् मोतिया?" माझा आवाज बारीक झाला.

"तिथंच अडलो होतो बघा. रंग पाच, भिंती चार. बिडी ओढायला बसलो, धूर वर गेला, अन् सुचलं!" त्यांनी ब्रश वर केला.

माझा मोतिया छताला लागला होता!

मी आत्याबाईंना फोन लावला. त्या शांतपणे म्हणाल्या, "अगं, तू एकट्याच रंगाला तीट लावली. बाकीच्या चौघांनी काय तुझं घोडं मारलं व्हतं? नजर काय एकालाच लागती?"

मी फोन ठेवला. मनात म्हटलं, उद्या सगळे हसतील.

शुक्रवारी पाचोड आलं. मामंजी पोपटी भिंतीला टेकून बसले ते उठेचनात. द्वारकाबाईंनी राणी भिंतीसमोर सतरा फोटो काढले. आणि आत्याबाईंनी भरल्या डोळ्यांनी सगळ्यांसमोर माझ्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

"शिकलेली सून ऐकत नाय म्हणत व्हते ना? बघा! एकाचा शब्द खाली पडू दिला नाय पोरीनं!"

यावर 'चुकून झालं' असं कोण म्हणेल? मी तर पदर सावरून लाजलेसुद्धा!

निघताना फकिराभाऊ कानाशी आले. "ताई, मला कळलं बरं का. परत आलो की मागची भिंत मोतिया मारून देतो. साहेबांचा निळा हाय, त्यांना कळायचंबी नाय." तोवर मी दुपारी कस्तुरी झोपली की फरशीवर उताणी पडून माझ्या पसंतीचा रंग बघते.

पण 'परत आलो की' म्हणजे काय, तर पाव्हण्यांनी त्यांना त्याच जीपमध्ये घालून पाचोडला नेलं. प्रत्येकाला तस्साच हॉल हवाय! चार दिवसांपूर्वी फोन आला होता. "ताई, सात घरं झाली. नाय म्हणलं की जेवायला वाढत्यात, अन् जेवलं की नाय म्हणता येत नाय..." पुढं फोन बंद. छावणी भागात राहणारी त्यांची आई मला रोज फोन करून विचारते, आणि मला तर तुम्ही ओळखताच, माझ्या डोक्यात नाही नाही ते येतं.

म्हणून एक विनंती. तुमच्यापैकी कुणी पाचोडच्या बाजाराला जाणार असेल, तर फकिराभाऊ दिसतात का बघा ना. उंच, सडपातळ, कानामागं ब्रश. बरे आहेत ना, झोप होतेय ना, विचारा. आणि आसपास माझ्या सासरचं कुणी नसेल, तर हळूच सांगा की ताईंची एक भिंत राहिलीये.