हत्तीच्या शेपटीला घर

शेजाऱ्याने नवी गाडी घेतली तर माणसाने काय करावं? अभिनंदन करावं, बॉनेटवर एक थाप मारावी आणि घरी येऊन जेवावं. टेक्सासातल्या एका छोट्या गावात राहणाऱ्या अर्विन दुसेकने पहिल्या दोन गोष्टी रीतसर केल्या. जेवण मात्र त्याच्या घशाखाली उतरेना.

याचं कारण गाडी नव्हती, त्याची बायको लॉर्ना होती. ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी ताटल्या पुसत उभी होती आणि बाहेर शेजारचा क्लेटन नव्या पिकअपला जोडलेलं भलंमोठं चाकांवरचं घर मागे घेत अंगणात लावत होता.

"हात बघ कसा हलका आहे क्लेटनचा," ती म्हणाली. "एका दमात आत."

लॉर्नाने अनेक वर्षं शाळेची बस चालवली होती, आणि अजूनही कुणी ड्रायव्हर आजारी पडला की शाळा तिलाच बोलवायची. तिच्या तोंडून असं कौतुक म्हणजे साधी गोष्ट नव्हती. अर्विन गाडी मागे घेत असताना लग्नापासून आजवर ती एकच शब्द बोलत आली होती : "थांब."

त्या रात्री अर्विन छताकडे बघत पडला. पुढच्या शनिवारी तो मासेमारीची होडी घेऊन बाहेर पडला आणि संध्याकाळी होडी देऊन ट्रक घेऊन आला. साधासुधा नव्हे, महामार्गावर मालाचे लांबलचक डबे ओढतात तसला. मागे डबा नव्हता, नुसतं पुढचं धूड. ते गल्लीत वळलं तेव्हा दोन घरांतली कुत्री पलंगाखाली गेली.

लॉर्ना दारात आली. तिने ट्रककडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या त्यांच्या कॅम्परकडे, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या चाकांवरच्या घराकडे. (दोन खाटा, एक शेगडी, कपाटाएवढा संडास, आणि उभं राहायचं तर एकानेच.)

"याने काय ओढणार आहेस?"

"आपलं घर."

"अर्विन, ते तुझी जुनी पिकअप ओढते. चढावर शिट्टी मारत ओढते."

"ओढणं वेगळं आणि शोभणं वेगळं."

"लायसन्सचं काही विचारलंस का?"

"सगळं विचारलंय," अर्विन म्हणाला. (अजून काहीच विचारलं नव्हतं.)

मग मात्र त्याने कंबर कसली. ट्रकची नोंदणी खासगी वापरासाठी करून घेतली. वेल्डरकडून मागे आकडा बसवला, ब्रेक आणि दिवे जोडून घेतले. विमावाल्याने "सहलीला? हा?" असं तीनदा विचारलं, तरी त्याचीही सही मिळवली. दोन्ही दारांवर स्वतःच्या हाताने ठळक अक्षरांत रंगवलं : भाड्याने नाही. नोंदणीच्या खिडकीवरची बाई म्हणाली, "लायसन्स आहे ना?" अर्विनला तो प्रश्न अपमानास्पद वाटला. "सोळाव्या वर्षापासून आहे," तो म्हणाला, आणि खिडकीसमोरून बाजूला झाला.

सप्टेंबरच्या सुट्टीला सगळी गल्ली तलावाकाठी निघाली. अर्विनने मुद्दाम क्लेटनला पुढे जाऊ दिलं, म्हणजे त्याला मागे टाकता येईल. टाकलंही. बरोबरीला आल्यावर भोंगा वाजवून त्याने वरून खाली पाहिलं. क्लेटनचा चेहरा पडायला हवा होता. तो तर खिडकीतून अर्धा बाहेर येऊन लहान मुलासारखा हात हलवत होता.

"किती मोकळ्या मनाचा आहे नाही," लॉर्ना म्हणाली.

अर्विनने दात आवळले. तेवढ्यात पाटी आली : सर्व ट्रक वजनकाट्याकडे. त्याची छाती फुगली. पिकअपवाल्यांच्या नशिबात असल्या पाट्या कुठल्या? त्याने ऐटीत ट्रक आत वळवला.

काट्यावरचा तरुण पोलीस टोपी सावरत गाडीभोवती फिरला, कॅम्परपाशी जरा जास्तच वेळ थांबला आणि दारावरचा मजकूर वाचून म्हणाला, "भाड्याने मागितला होता का कुणी?"

"नियम आहे म्हणून लिहिलंय."

"बरं केलंत. खरं म्हणजे सहलीच्या खासगी गाडीला इथे यायची गरज नव्हती. पण आलाच आहात तर लायसन्स दाखवा."

अर्विनने दाखवलं. पोलिसाने ते उलटसुलट पाहिलं.

"हे मोटारीचं आहे, काका."

"सहलीलाच चाललोय की."

"सहलीला जा नाहीतर लग्नाला जा, या वजनाच्या गाडीला वरच्या वर्गाचं लायसन्स लागतं. तुम्हाला इथून पुढे नेता येणार नाही."

मग लॉर्नाने पर्स उघडली आणि आपलं बसचं लायसन्स पुढे केलं. पोलिसाने ते वाचलं, पुन्हा मागे जाऊन कॅम्परवरची वजनाची पट्टी वाचली आणि परत आला.

"बाई, तुम्ही चालवू शकता. मागचं घर एवढंसं आहे म्हणून वाचलात. मोठं असतं तर तुमचंही चाललं नसतं."

अर्विनला दंडाची चिठ्ठी मिळाली. त्याहून ते 'एवढंसं' जास्त लागलं. तो खाली उतरला, वळसा घालून पलीकडे जाऊन बसला. तेवढ्यात रस्त्यावरून क्लेटन भोंगा वाजवत पुढे निघून गेला.

लॉर्नाने आसन पुढे घेतलं, आरसे नीट केले आणि ट्रक असा अलगद बाहेर काढला की अर्विनच्या हातातली कॉफीसुद्धा हलली नाही. ती गुणगुणत होती. आपल्या ट्रकने आपल्या हाताखाली इतकं शहाण्यासारखं कधी वागू नये, याचं त्याला मनापासून वाईट वाटलं.

तलावाकाठी गल्लीतले सगळे खुर्च्या टाकून बसले होते. झाडांमधली जागा अरुंद होती. लॉर्नाने एकदा उजव्या आरशात पाहिलं, एकदा डाव्या, आणि एका दमात घर आत लावलं. टाळ्या पडल्या. क्लेटन थंडगार बाटली घेऊन धावत आला. अर्विनने खाली उतरून हात पुढे केला. बाटली त्याच्यावरून वर खिडकीत गेली.

"लॉर्ना, मला शिकवशील का गं हे?" क्लेटन म्हणाला. "त्या दिवशी अंगणात कसं जमलं कोण जाणे, एरवी मी मागे घेताना बायको रडते."

पाहता पाहता ट्रकभोवती गर्दी झाली. लॉर्ना वर बसून कुणाला गिअर दाखवत होती, कुणाच्या नातवाला भोंगा वाजवू देत होती. अर्विन बराच वेळ या माणसाच्या मागून त्या माणसाच्या मागे असा उभा राहिला. शेवटी टाचा उंचावून म्हणाला, "ट्रक माझा आहे. मी काय करू?"

लॉर्नाने खिडकीतून कॅम्परच्या मागच्या बाजूला बोट दाखवलं.

"संडासाची नळी जोडून घे तेवढी. तिला लायसन्स लागत नाही."