विरुद्ध बाजूसकट निरोप

यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर माझी कवळी कुणीही खुशाल घेऊन जावी.

आमच्या नातजावयांना कॉलेजात लेखन शिकवायची नोकरी लागली. नोकरी कच्ची. पहिल्याच तासाला प्रमुख बाई मागे बसणार. पसंत पडले तर ठेवणार, नाहीतर नारळ. स्वतः आयुष्यात सही सोडून काही लिहिलं नाही, पण सुट्टीभर अभ्यासक्रम असा आखत बसले, जणू पूलच बांधायचाय. शेवटी शोध लागला. आधी प्रस्तावना, मग पुरावे, मग विरुद्ध बाजू आणि सगळ्यात शेवटी मुद्दा. मुद्दा आधी आला तर शून्य.

सराव घरच्यांवर. माझी लेक, म्हणजे त्यांची सासू, म्हणाली, "दूध उतू चाललंय."

"हा तर थेट मुद्दा. प्रस्तावना कुठंय?"

प्रस्तावना होईस्तोवर दूध ओट्यावरून फरशीवर उतरलं.

पहिल्या तासाच्या सकाळी चिंतनासाठी नातजावयांनी फोन बंद ठेवला. म्हणून प्रमुख बाईंनी नातीला फोन केला. तास दुपारचा नाही, दहालाच आहे, लगेच पाठवा. नात धावत खोलीत गेली.

"अरे, तुझा तास..."

"मुद्द्यापासून सुरुवात? विद्यार्थ्यांचं चालवून घेणार नाही, मग बायकोचं कसं घेऊ?"

नात माझ्याच रक्ताची. खुर्ची ओढून निवांत बसली.

"घड्याळ नव्हतं तेव्हा माणूस सूर्य बघून कामाला जायचा..."

"छान. पुरावे?"

"तुझ्या बाईंचा आवाज फोनवर बराच चढला होता."

"विरुद्ध बाजू?"

"काहीजण म्हणतील, अजून भरपूर वेळ आहे."

"वा. आता मुद्दा."

"तास दहाला होता. साडेदहा झाले."

एका पायात बूट, दुसऱ्यात चप्पल, असे पळाले. तिकडे बाईंनी यांचा आधीच पाठवलेला अभ्यासक्रम फळ्यावर उतरवून मुलांना त्याच पद्धतीनं निबंध घातला होता : सर का आले नाहीत. धापा टाकत हे दारात उभे. बाईंनी एका मुलीचा कागद हातात दिला. "मोठ्यानं वाचा आणि तुमच्याच पद्धतीनं मार्क द्या. मग बघू ठेवायचं का ते."

प्रस्तावनेत समाजातलं शिक्षकाचं स्थान. पुराव्यात रिकामी खुर्ची, आणि सर दारात दिसल्यावर खाली घाईघाईत जोडलेली त्यांच्या एका पायातली चप्पल. विरुद्ध बाजू : काही लोक सरांना हुशार समजतात. मुद्दा : सर बावळट आहेत.

कमी मार्क द्यावे तर पद्धत खोटी. दिले पैकीच्या पैकी. बाई म्हणाल्या, "पद्धत चालते तुमची. या उद्यापासून. दोन्ही पायांत बूट घालून."

आता कवळीला हात लावू नका, पण एक गोष्ट मी पदरची घातली. पैकीच्या पैकी नव्हते दिले. एक मार्क कापला. म्हणाले, विरुद्ध बाजू पटत नाही.