सातुर्निनोकडे पाठवलेला बेडूक

योवाना सकाळपासून एकच काम करत होती. वरच्या खोलीतल्या संगणकावरून बेडूक खाली पाठवायचा, बाळाला पाठीवर बांधायचं, जिना उतरायचा आणि बेडूक पोचला का ते बघायचं. वरचा संगणक दर वेळी छातीठोक सांगे, पोचला. खालचा दर वेळी कानांवर हात ठेवी.

बेडूक म्हणजे भरतकामाचा नमुना. ओरुरो शहरात नाचाचे झगे भरणाऱ्या घरांना बेडूक, साप, अजगर काही नवे नाहीत. पण योवानाच्या बेडकाच्या पाठीवर पिल्लं बसली होती आणि त्यातलं धाकटं मागं वळून जीभ दाखवत होतं. छोटी नाइरा झोपली की तेवढ्या वेळात एकेक टाका जोडत तिने तो संगणकावर काढला होता. नाइराची झोप म्हणजे चिमणीचं पाणी पिणं. त्यामुळे बेडकाचा एक पाय श्रावणघेवड्यासारखा लांब झाला होता, पण तोही तिला आवडायला लागला होता.

तिच्या सासूबाईंना, दोन्या म्हणजे बाईसाहेब बेनितांना, मात्र तो मुळीच आवडला नव्हता. "माणूस झगा घालतो तो रुबाब करायला," त्या म्हणाल्या होत्या. "पोरं सांभाळायला नाही. ला पाझचे तेओफिलो संध्याकाळच्या बसने येतायत. अख्ख्या नाच-मंडळाचे झगे भरायला द्यायचेत त्यांना. त्यांच्यापुढे मी माझा अजगर ठेवणार."

"आई, शेजारी माझा बेडूकही ठेवा ना."

"ठेवते. तोवर कापडावर उतरला तर."

कापडावर उतरवणारं यंत्र खाली दुकानात होतं आणि ते फक्त दुकानातल्या नव्या संगणकाचं ऐकायचं. फाइल एका काडीएवढ्या पेन ड्राइव्हवरून नेता आली असती, पण ती काडी योवानाच्या नवऱ्याच्या, विल्मेरच्या, ट्रकमध्ये चिलीच्या वाटेवर कुंबियाची गाणी वाजवत होती. इंटरनेटवरून धाडावी तर कार्निव्हलच्या मिरवणुकीत कुणाच्या तरी रथावरच्या अजगराने खांबावरची तारच जबड्यात अडकवून नेली होती, आणि ती जोडणारी माणसं अजून नाचाच्या थकव्यातून उठली नव्हती. राहिलं घरातल्या घरातलं नेटवर्क.

"पाठवलास?" सासूबाईंनी टिकल्या शिवताना विचारलं.

"पाठवला. सातुर्निनोच्या 'नमुने' फोल्डरमध्ये ठेवला. मी डोळ्यांनी बघितलं."

सातुर्निनो हे दुकानातल्या संगणकाचं नाव. कार्निव्हलच्या मंगळवारी सगळं ओरुरो आपापल्या घराला, गाडीला, यंत्राला रंगीत झिरमिळ्या बांधतं, टिकल्या उधळतं आणि जमिनीवर दारू शिंपडून भरभराट मागतं. त्या 'चाल्या' नावाच्या पूजेच्या मुहूर्तावर सासूबाईंनी नव्या संगणकाला रीतसर पाद्रिनो, म्हणजे धर्मबाप, नेमला होता. शेजारचे कोम्पाद्रे, म्हणजे घरोब्याचे दोस्त, इलारियो. त्यांनी मोठ्या मानाने आपल्या गेलेल्या मित्राचं, म्हणजे योवानाच्या सासऱ्यांचं, नाव त्याला दिलं. बँडवाल्यांनी एक चाल वाजवली आणि सासूबाईंनी डोळे पुसले.

"सातुर्निनोकडे दिलंस ना? मग विसर," आता त्या म्हणाल्या. "त्याच्या हातात दिलेली वस्तू जन्मात कुणाला सापडली नाही. माझ्या आईची कात्री अजून शोधतेय मी."

योवानाने पुन्हा जिना चढून 'बेडूक नवा' पाठवला. मग 'बेडूक शेवटचा'. मग 'बेडूक खरंच शेवटचा'. सगळे सुखरूप पोचले. खाली एकही नव्हता.

"केबल सैल असेल," ती म्हणाली आणि दुकानातल्या संगणकाकडे वळली. पण संगणक दिसत कुठं होता? झिरमिळ्यांचा एक ढीग होता आणि त्याला पडदा होता. तिने एक गुलाबी फीत बाजूला सारली तोच सासूबाईंचा हात आला.

"हात नको लावू. आपण होऊन गळेपर्यंत काढायच्या नसतात. बरकत निघून जाते."

"मला फक्त मागं बघायचंय, आई."

"बघ की. पण काढू नको."

तेव्हा योवानाने फितीखालून फीत न हलवता, गाभण मांजरीला कुरवाळावं तशा हाताने, चाचपत केबल शोधली. केबल घट्ट होती. संगणकाच्या भोकातून मूठभर टिकल्या आणि एक साखरेची गोळी तेवढी निघाली. गोळी नाइराने पाठीवरूनच पळवली.

"आता इलारियोंना बोलवायला हवं," सासूबाई म्हणाल्या. "लेकरू आजारी आणि धर्मबापाला पत्ता नाही, असं कळलं तर वर्षभर तोंड फुगवून बसतील."

कोम्पाद्रे इलारियो आले ते रविवारची हॅट घालून, काखेत पाव घेऊन. रिकाम्या हाताने धर्मलेकराकडे जात नाहीत. त्यांनी गरम आपीचा, मक्याच्या गोड पेयाचा, पेला घेतला, संगणकासमोर बसले आणि बराच वेळ त्याच्याकडे मायेने बघत राहिले.

"कधीपासून असं करतोय?"

"सकाळपासून," योवाना म्हणाली. "म्हणजे आजच पहिल्यांदा काम सांगितलं त्याला."

"अंगात ताप?"

"नाही. गारच आहे."

"मग दोष याच्यात नाही," कोम्पाद्रे म्हणाले. "वरच्याची चाल्या केली होतीत?"

सासू-सुनेने एकमेकींकडे बघितलं. वरच्या जुन्या संगणकाला मंगळवारी कुणी एक टिकलीसुद्धा वाहिली नव्हती.

"झालं तर," कोम्पाद्रे उठलेच. "धाकट्याला बँड, फुगे, धर्मबाप. थोरल्याकडे कुणी ढुंकून बघितलं नाही. तो कशाला देईल याला काही? रुसलाय तो. माझा थोरला भाऊ अजून माझ्याशी याच कारणासाठी बोलत नाही."

योवानाला हे पटलं नव्हतं, पण तिच्याकडे दुसरा उपाय नव्हता आणि घड्याळ पुढे सरकत होतं. सगळे वर गेले. थोरल्याच्या गळ्यात झिरमिळ्या पडल्या, डोक्यावर टिकल्या पडल्या. सासूबाईंनी झाल्यागेल्याची माफी मागितली. कोम्पाद्रेंनी बाटली उघडली आणि चार कोपऱ्यांत दारू शिंपडली. तीन कोपऱ्यांत काही नव्हतं. चौथ्यात विजेची पट्टी होती.

टक्क, असा बारीक आवाज झाला. वर अंधार, जिन्यात अंधार, खाली यंत्र गप्प.

"प्यायला वाटतं," कोम्पाद्रे हळूच म्हणाले.

पट्टी बदलून, फरशी पुसून, नाइराला तिसऱ्यांदा झोपवून योवानाने खालचा मुख्य खटका वर केला, तेव्हा तेओफिलोंची बस शहराच्या वेशीशी आली असणार. दोन्ही संगणक एकदमच जागे व्हायला लागले. योवाना धापा टाकत वर आली. तिने हा संगणक कित्येक महिन्यांत पूर्ण बंद केला नव्हता. बाळ उठलं की संगणक नुसता निजवायचा आणि बाळ झोपलं की उठवायचा. आज तो पहिल्यापासून उठला आणि उठता उठता त्याने एक पाटी दाखवली. तिने ती मोठ्याने वाचली.

"या नेटवर्कवर याच नावाचा दुसरा संगणक आहे."

"अगं, हे तर खालीही येतं," सासूबाई म्हणाल्या. "रोज सकाळी. मला वाटलं, नमस्कार करतोय. मी 'बरं' दाबते."

योवानाने खुर्ची ओढली. मग तिने वरच्या संगणकाचं नाव बघितलं. सातुर्निनो. तिने त्याचं 'नमुने' फोल्डर उघडलं. विल्मेरने कधीकाळी करून ठेवलेल्या त्या फोल्डरमध्ये सगळे बेडूक, पहिला, नवा, शेवटचा आणि खरंच शेवटचा, ओळीने बसले होते. सकाळपासून ती सातुर्निनोकडून सातुर्निनोलाच देत होती.

"याला हे नाव कुणी ठेवलं?" कोम्पाद्रेंचा आवाज जरा चढला. मान त्यांचा होता.

विल्मेरला फोन लागला तो सीमेवरच्या ट्रकांच्या रांगेत. मागे कुंबिया वाजत होतं.

"मीच ठेवलं," तो म्हणाला. "आबा गेल्यावरसुद्धा आई जिन्याखालून हाक मारायची, सातुर्निनो, जेवायला ये म्हणून. मग गप्प व्हायची. म्हटलं, वर त्या नावाचं कुणीतरी असू दे."

"मला सांगायचंस की रे," सासूबाई म्हणाल्या.

"सांगितलं असतं तर रडली असतीस."

"आता काय हसतेय?" त्यांनी शालीने नाक पुसलं. मग खालच्या दिशेने बघितलं, वरच्याकडे बघितलं. "दोन दोन आणून ठेवलेत घरात. एकाला सांभाळताना माझे केस पिकले."

एकाचं नाव बदलायला हवं होतं. धर्मबापाने ठेवलेलं बदललं तर गल्लीत तोंड दाखवायला जागा नाही, हे कोम्पाद्रेंनी हॅट काढून सांगितलं. लेकाने ठेवलेलं बापाचं नाव पुसायचं कसं, असं सासूबाईंचं म्हणणं. खाली रस्त्यावर एक टॅक्सी थांबली आणि योवाना खिडकीशी धावली. टॅक्सी पुढे गेली.

"आई," ती म्हणाली, "वरच्याला तुमचं नाव देऊ या का?"

"चालेल," फोनमधून विल्मेर म्हणाला. "मी काय, कुणीतरी वर असलं म्हणजे झालं."

सासूबाईंनी विचार केला. "म्हणजे मी वर बसणार आणि तो खाली दुकान सांभाळणार."

"हो."

"जन्मभर उलटं होतं. दे."

वरचा पुन्हा एकदा निजून उठला तो बेनिता म्हणून. कोम्पाद्रे खाली धर्मलेकराजवळ जाऊन बसले. आता पडद्यावर दोन नावं शेजारी शेजारी आली. योवानाने 'बेडूक खरंच शेवटचा' उचलून सातुर्निनोवर सोडला. हिरवी रेघ सरसर भरत गेली आणि खालून कोम्पाद्रेंची हाक आली, "पोचला. पोरं सगळी आहेत."

"बघ," सासूबाई म्हणाल्या, "मी दिलं तर मुकाट घेतो."

तेओफिलो आले तेव्हा यंत्राची सुई शेवटच्या पिल्लाच्या जिभेवर होती. सासूबाईंनी आपला अजगर मांडला. तेओफिलोंनी तो बघितला, छान आहे म्हणाले, आणि त्यांची मान यंत्राकडे वळली ती वळलीच. सुई थांबल्यावर त्यांनी बेडूक हातात घेतला. श्रावणघेवड्यासारखा लांब पाय बोटाने चाचपला.

"उडी मारायच्या बेतात आहे," ते म्हणाले. "आमच्या मंडळात निम्मे आजोबा आहेत. नातवंडं पाठीवर घेऊनच तालमीला येतात. हाच द्या. सगळ्यांना हाच. कुणी काढला?"

योवाना पुढे झाली. तिने उत्तर जुळवायच्या आत सासूबाईंनी झिरमिळ्यांमधून डोकावणाऱ्या पडद्याकडे बोट दाखवलं. "लिहिलंय की. बेनिताकडून सातुर्निनोला."

तेओफिलोंनी हॅट काढून त्यांना मान दिला. "या वयात काय नवं सुचतं तुम्हाला, दोन्या बेनिता."

सासूबाईंनी तो मान शांतपणे घेतला, अगदी हक्काचा असल्यासारखा. योवाना ओठ चावून हसू आवरत होती. मग सासूबाई म्हणाल्या, "पिल्लांचं मात्र माझ्या सुनेला विचारा. ती पाठ तिची आहे." तेओफिलोंनी वळून बघितलं. योवानाच्या पाठीवर नाइरा जागी झाली होती आणि साखरेच्या गोळीने लाल झालेली जीभ त्यांना दाखवत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी योवाना दुकानात आली तेव्हा सासूबाई माउसवर बोट ठेवून नुसत्या बसल्या होत्या. संगणक केव्हाच उठला होता.

"आज काहीच म्हणत नाही गं हा."

"सगळं नीट झालं ना, आई. आता नाही म्हणणार."

"हं," सासूबाई म्हणाल्या. "तोही असाच होता. काम झालं की गप्प." आणि तरीही, पडद्यावर काही नसताना, त्यांनी माउस एकदा दाबला. "बरं," म्हणाल्या आणि टिकल्या शिवायला बसल्या.