हॅदरली हॉलचा बटलर

गुणवंत टिपणीस दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमधून नोएडातल्या ‘केंब्रिज ग्रीन्स’ या नव्या कोऱ्या सोसायटीत राहायला आले, तेव्हा सुखी माणसाजवळ असावं ते सगळं त्यांच्याजवळ होतं. केंद्र सरकारात अवर सचिवाचं पद होतं, बँकेचं कर्ज होतं, मंत्रालयात नेणारी-आणणारी चार्टर्ड बस होती आणि फाटकावर सलाम ठोकणारा दरवान होता. पहिल्याच दिवाळीत मात्र असं निदर्शनास आलं, की घरात अभिरुची नाही.

ही त्रुटी त्यांच्या पत्नीच्या, म्हणजे उल्काच्या, निदर्शनास आली. वरच्या मजल्यावर विक्रांत आणि सुखदा गुप्ते राहत. विक्रांत एका सॉफ्टवेअर कंपनीतर्फे लंडनला राहून आला होता. त्याच्या बैठकीच्या खोलीत, एरवी जिथं देवघर असतं त्या कोपऱ्यात, काचेच्या कपाटात ब्रिटिश नाट्यमालिकांचे बॉक्स सेट मांडलेले होते. जाडजूड, पुस्तकासारखे, पाठीवर सोनेरी अक्षरं असलेले. त्यांच्यावर प्रकाश पडावा म्हणून एक छोटा दिवा होता, आणि तो वीज गेल्यावर जनरेटरवरही चालत असे. फराळाला गेलेली उल्का बोलता बोलता सांगून बसली, की आपण संध्याकाळची सासू-सुनांची हिंदी मालिका कधी चुकवत नाही. सुखदानं त्यावर टीका केली नाही. तिनं चकलीचा एक तुकडा मोडला आणि म्हणाली, “आम्हाला आता ते जमत नाही हो. एकदा ब्रिटिश ड्रामाची सवय लागली ना, की बाकी सगळं फार लाऊड वाटतं.”

उल्का घरी आली ती आवाज खाली घेऊनच. तिनं नवऱ्याला शांतपणे सांगितलं, की आपली मुलगी कादंबरी अकरावीत आहे, उद्या तिच्या मैत्रिणी घरी येतील, आणि त्यांना आपल्या भिंतीवर फक्त कुठल्याशा कंपनीनं फुकट दिलेलं कॅलेंडर दिसेल.

गुणवंतरावांनी प्रकरण हाती घेतलं. पालिका बाजारात असल्या मालिकांच्या नकला हव्या तेवढ्या मिळत होत्या, पण प्लास्टिकच्या पाकिटातली नक्कल कपाटात उभी राहत नाही, असा आक्षेप उल्कानं नोंदवला आणि तो ग्राह्य होता. मुळात कपाटही नव्हतं. म्हणून आधी कीर्तीनगरहून काचेचं कपाट आणलं गेलं. ते बरेच दिवस दिवा लावून रिकामंच उभं होतं. पद मंजूर झालेलं होतं, उमेदवार रुजू व्हायचा होता.

उमेदवार आणला श्रीरंगनं. श्रीरंग हा गुणवंतरावांचा खात्यातला मित्र. तो शिष्टमंडळाबरोबर भारतातल्या ग्रामीण स्वच्छतेचा अभ्यास करायला लंडनला गेला होता. ब्रिटिश असावी, जुन्या काळातली असावी आणि जाड असावी, एवढंच त्याला सांगितलेलं होतं. त्यानं दुकानातली सगळ्यात जाड उचलली. नाव होतं ‘हॅदरली हॉल’. वेष्टनावर धुकं होतं, मागं एक मोठी दगडी इमारत होती आणि पुढं एक पाठमोरी बाई होती. कुणाही सुसंस्कृत माणसाला पाहताक्षणी आदर वाटावा असं ते चित्र होतं.

रविवारी घरातली तिघं चिवडा घेऊन टीव्हीसमोर बसली. गुणवंतरावांनी डिस्क घातली. मशीन थोडं गुरगुरलं आणि पडद्यावर एक ओळ उमटली: ही डिस्क आपल्या विभागात चालणार नाही.

“रीजन कोडचा लफडा आहे, पप्पा,” कादंबरी म्हणाली. “यूकेचा माल इंडियाच्या प्लेअरवर चालत नाही.”

गुणवंतराव रागावले नाहीत. उलट त्यांना त्या मशीनबद्दल आपुलकी वाटली. सदर बाब या विभागाच्या कक्षेत येत नाही, हे वाक्य ते नोकरीभर देशातल्या कानाकोपऱ्यातल्या अर्जदारांना लिहून पाठवत आले होते. आज ते पहिल्यांदाच त्यांना स्वतःला मिळालं होतं, आणि मसुद्यात काही खोट काढता येईना. त्यांनी डिस्क काढली, पुसली, खोक्यात ठेवली आणि खोकं कपाटात. दिव्याखाली ते फार शोभून दिसलं.

त्याच आठवड्यात सुखदा साखर मागायला आली आणि कपाटासमोर थबकली. पाहिलंत का, असं तिनं विचारलं. उल्कानं नवऱ्याकडे पाहिलं.

“पाहतोय, सावकाश,” गुणवंतराव म्हणाले. “त्यातल्या शांततेला फार अर्थ आहे.”

हे खोटं नव्हतं. शांततेखेरीज त्यांच्या वाट्याला दुसरं काही आलेलंच नव्हतं.

सुखदानं खोक्यावरचं धुकं न्याहाळलं. मग डोळे बारीक करून म्हणाली, “आणि तो बटलर. आम्ही लंडनला असताना पाहिलं होतं. बटलरनं काय काम केलंय.”

“बटलरनंच तर सगळं पेललंय,” गुणवंतराव म्हणाले.

अशा रीतीनं दोन जबाबदार नागरिकांच्या साक्षीनं बटलर अस्तित्वात आला.

पुढं जे झालं ते रीतसरच झालं. सुखदानं इतर घरांत सांगितलं, की टिपणिसांकडे ‘हॅदरली हॉल’ आहे. लोक पाहायला येऊ लागले. पाहायला म्हणजे खोकं पाहायला. ज्यांनी पाहिलं त्यांनी आपापल्या भावांना, मेहुण्यांना, परदेशातल्या मुलांना निरोप धाडले. श्रीरंगचं शिष्टमंडळ पुन्हा एकदा स्वच्छतेच्या अभ्यासाला गेलं आणि बॅगा भरून परतलं. वर्ष सरायच्या आत केंब्रिज ग्रीन्समध्ये असं घर उरलं नाही, जिथं काचेमागं ‘हॅदरली हॉल’ नाही. बहुतेकांनी वरचा पारदर्शक कागदही काढला नव्हता. कागद काढला की शोभा जाते, असं विक्रांतचं म्हणणं होतं, आणि तो लंडनला राहिलेला होता.

सोसायटीचे सेक्रेटरी भसीन हे उत्साही गृहस्थ. त्यांनी क्लबहाउसमध्ये ‘ब्रिटिश ड्रामा सर्कल’ स्थापन केलं आणि पहिला संच आणणारे म्हणून गुणवंतरावांना अध्यक्ष केलं. दर महिन्याला चर्चा होऊ लागली. चर्चेत कुणी कुणाचं खोडून काढत नसे, प्रत्येक जण आधीच्यात भर घालत असे. त्यामुळे हळूहळू हॅदरली हॉलमध्ये एक कडक म्हातारी मालकीण राहायला आली, तिला दोन मुलगे झाले, धाकट्यानं परस्पर लग्न केलं आणि एका पावसाळी संध्याकाळी मालकिणीच्या हुकमावरून बटलरनं धाकट्या सुनेला घराबाहेर काढलं. हे कथानक आपण कुठंतरी ऐकलंय, असं गुणवंतरावांना अधूनमधून वाटे. उल्का संध्याकाळची हिंदी मालिका अजूनही पाहत असे, फक्त आवाज बंद करून. इतर घरांतही तसंच चालू असावं.

बटलरनं केलं ते बरोबर की चूक, यावरून मात्र सर्कलमध्ये दोन तट पडले. हुकूम पाळणं हे बटलरचं कर्तव्यच होतं, असं गुणवंतराव मानत, आणि त्यांच्या हुद्द्याला ते साजेसंच होतं. त्यांच्या बाजूला सरकारी नोकर होते. विक्रांत सुनेच्या बाजूनं होता आणि त्याच्यामागं खासगी कंपन्यांतले होते. सोसायटीची निवडणूक याच प्रश्नावर लढली गेली. बी ब्लॉकची लिफ्ट बंद पडली तेव्हा ती दुरुस्त होईना, कारण लिफ्टचं काम पाहणारा सभासद सूनवादी होता आणि बी ब्लॉक बटलरवादी. उल्का आणि सुखदा यांचं बोलणं थांबलं. भसीन दोन्ही बाजूंना सांगत फिरले, की बटलर भी अपनी जगह सही है जी, बहू भी अपनी जगह सही है. त्यामुळे ते पुन्हा बिनविरोध निवडून आले.

अशा वेळी कादंबरीला सुट्टी लागली. अभ्यासासाठी घेतलेल्या कॉम्प्युटरमध्ये तिनं सहज ती डिस्क घातली. कॉम्प्युटरनं विचारलं, विभाग कुठला? तिनं ब्रिटन निवडलं, आणि ‘हॅदरली हॉल’ सुरू झालं.

तिनं सगळं पाहिलं. मग चहाच्या वेळी वडिलांजवळ येऊन बसली.

“पप्पा, त्यात बटलर नाहीच आहे.”

गुणवंतरावांना पहिला धक्का बसला तो सक्षम अधिकाऱ्याच्या मंजुरीवाचून विभाग बदलला गेल्याचा. दुसरा नंतर बसला. कादंबरी सांगत राहिली. हॉल म्हणजे हवेली नव्हतीच. समुद्रकाठच्या एका गावातला तो सार्वजनिक हॉल होता, आपल्याकडे लग्नकार्यासाठी बारातघर असतं ना, तसा. त्या गावातल्या बायका दिवसभर बंदरावर मासे चिरायच्या. बोटं कापू नयेत म्हणून त्या चिंध्या बांधायच्या, तरी कापायचीच. त्यांच्या अंगाला वास येतो म्हणून चर्चमध्ये त्यांना मागच्या बाकावर बसवायचे. शेवटी त्या चिरायला नकार देतात आणि सगळ्या मिळून त्या हॉलमध्ये जाऊन बसतात. एवढीच गोष्ट होती.

हे ऐकून गुणवंतरावांनी आधी खिडकी लावून घेतली. केंब्रिज ग्रीन्समध्ये मासे तळायला बंदी होती. जिन्यात वास येतो, अशी तक्रार झाल्यावर समितीनं तशी सूचनाच काढली होती. उल्का माहेरची अलिबागची, पण तेव्हापासून तिनं सुरमईचं नाव काढलं नव्हतं.

उल्का स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हात पुसत आत आली आणि कादंबरीला म्हणाली, “मला दाखव.”

मायलेकींनी ते पुढच्या रविवारी दुपारी बसून पाहिलं. उल्काला ते इंग्रजी एक अक्षर कळत नव्हतं. कादंबरी मध्येमध्ये हिंदीत सांगे, मराठीत अडे. एका प्रसंगात एक म्हातारी बाई नव्या मुलीला मासा कसा धरायचा ते शिकवत होती. उल्का पुढं सरकून बसली. “सुरी उलटी धरलीये तिनं,” ती म्हणाली. “आमची आई अशी धरायची नाही.” त्यानंतर नाक ओढल्याचा आवाज तेवढा गुणवंतरावांना बाहेर पेपर वाचताना ऐकू आला, आणि त्यांनी पान उलटलं.

सर्कलच्या वार्षिक सभेत भसीननी, तरुण पिढीनंही दोन शब्द बोलावेत, असं आवाहन केलं. कादंबरी उठली आणि घरी सांगितलं होतं ते सगळं जसंच्या तसं सांगितलं.

सभागृहात आवाज राहिला नाही. ब्रिटिश ड्रामाला अभिप्रेत असलेली शांतता त्या सर्कलमध्ये पहिल्यांदाच उतरली. मग सुखदानं “मासे?” एवढंच विचारलं आणि रुमाल नाकाशी नेला. आपण लंडनमध्ये राहिलेलो आहोत, याची विक्रांतनं सभेला आठवण करून दिली. भसीन कादंबरीला प्रेमानं म्हणाले, “बेटा, इतने सारे लोग गलत हैं क्या?” आणि अध्यक्षांकडे वळले. “टिपनिस साहब, सेट तो आप ही का है. आप बताइए.”

गुणवंतराव उठले. त्यांनी उल्काकडे पाहिलं. ती साडीचा काठ निरखत होती. कादंबरी त्यांच्याकडेच पाहत होती, निर्धास्तपणे. पप्पांना सगळं माहीत होतं.

“मुलीचा थोडा गैरसमज झालेला दिसतो,” गुणवंतराव म्हणाले. “तिनं पाहिला तो बहुधा वेगळा विभाग असावा.”

कादंबरी रडली नाही, वाद घालत उभीही राहिली नाही. एखादं अडलेलं गणित अचानक सुटावं, तशी तिनं मान डोलावली आणि ती खाली बसली.

यानंतर सभेनं एकमतानं ठराव केला, की सभासदांच्या भावना लक्षात घेता सोसायटीच्या हद्दीत ‘हॅदरली हॉल’चा कोणताही संच उघडला अथवा चालवला जाऊ नये. मसुदा गुणवंतरावांनी जागेवरच तयार केला. विक्रांतनं अनुमोदन दिलं. दोन्ही तटांचं बऱ्याच दिवसांनी एका गोष्टीवर जमलं, त्यामुळे वातावरण निवळलं. बी ब्लॉकची लिफ्ट त्याच आठवड्यात सुरू झाली. चहाच्या वेळी सुखदानं आपण होऊन उल्काचा हात धरला. समारोपाला उल्कालाच बोलायचा आग्रह झाला. ती उभी राहिली आणि म्हणाली, “मला तिचे हात आठवतात. चिरलेले.” एवढं बोलून ती खाली बसली. धाकट्या सुनेचं दुःख इतक्या कमी शब्दांत कुणीच मांडलं नव्हतं, असं सगळ्यांचं मत पडलं.

घरी आल्यावर गुणवंतरावांनी मुलीला समजवायला सुरुवात केली. चार लोकांत राहायचं असतं, संस्था टिकवायची असते, असं बरंच काही त्यांच्या मनात होतं. कादंबरीनं त्यांना त्रास पडू दिला नाही. “इट्स ओके, पप्पा. समझ गई,” म्हणाली आणि अभ्यासाला बसली.

ती खरोखरच समजली होती. पुढं एका नामांकित कॉलेजात प्रवेशाच्या मुलाखतीला गेली, तेव्हा तिला तिची आवड विचारली गेली. तिनं ब्रिटिश नाट्यमालिका सांगितल्या आणि हॅदरली हॉलच्या बटलरची कर्तव्यनिष्ठा व माणुसकी यांतली ओढाताण इतकी सुरेख उलगडून दाखवली, की मुलाखत घेणाऱ्या प्राध्यापकांतले एक जण मान डोलावत म्हणाले, की ते पात्र आपल्यालाही विसरता आलेलं नाही. प्रवेश तिथंच पक्का झाला. गुणवंतराव पेढे घेऊन घरोघर गेले. लिफ्टमध्ये एकटे असताना त्यांना उगाच असं वाटलं, की आपली मुलगी आता आपल्याशीही असंच सुरेख बोलते. पण तेवढ्यात वरचा मजला आला.

ही हकिगत आजवर ज्यांना ज्यांना सांगितली, ते सगळे केंब्रिज ग्रीन्सच्या लोकांना मनसोक्त हसले. काहींनी तर अशा ढोंगी माणसांचा समाजाला किती धोका आहे, यावर स्वतःचे विचारही ऐकवले. मात्र हसून झाल्यावर प्रत्येकानं, इकडंतिकडं पाहून, आवाज थोडा खाली आणून एकच गोष्ट विचारली, की तो सेट दिसायला कसा आहे आणि मिळतो कुठं. आपल्याही मनात तेच असेल, तर संकोच करू नये. फक्त आधी कपाटाचं माप घेऊन ठेवावं.